माऊसचं मुसकं

दरवर्षी खंडेनवमीला सकाळी आठच्या आत मला ईट गावातून एक फोन येतो. पलीकडचा माणूस 'हॅलो' म्हणत नाही, तब्येत विचारत नाही, सणाच्या शुभेच्छा देण्याची तर त्याला सवयच नाही. तो एवढंच विचारतो, "मुसकं बांधलं का?"

"बांधलं."

"दोन्ही तोंडांना?"

"दोन्ही."

"मग करा पूजा," आणि फोन बंद.

बायको आता हसतही नाही. पहिल्या वर्षी मात्र तिनं विचारलं होतं, की आपल्याकडे बैल कधी आला आणि त्याला दोन तोंडं कशी? तेव्हा मला तिला सगळं पहिल्यापासून सांगावं लागलं होतं.

फोन करणारे हे गृहस्थ माझे जुने घरमालक. मी त्यांना काका म्हणायचो. गाव त्यांना डॉक्टर म्हणायचं आणि ते प्रत्येक वेळी दुरुस्ती करायचे, "डॉक्टर न्हाय. पशुधन पर्यवेक्षक. निवृत्त." सगळी नोकरी त्यांनी भूम तालुक्यात गाई-म्हशींमागं हिंडत केली. गावानं ती दुरुस्ती शेवटपर्यंत मनावर घेतली नाही, पण त्यांनीही कंटाळा केला नाही.

ईटच्या शाळेवर मी हजर झालो आणि खोली शोधत त्यांच्या दारात गेलो, तेव्हा ते ओट्यावर बसून चष्मा पुसत होते. खोली पाहिजे म्हणालो. त्यांनी मला खालून वर बघितलं आणि म्हणाले, "त्या लिंबापतूर चालून दाखवा."

मी चाललो. नवीन गाव, नवीन माणूस, नाही कसं म्हणणार?

"उजवा पाय ओढता."

"लहानपणी सायकलवरून पडलो होतो."

"जुनं हाय. चालंल. पाणी किती पिता? भूक? अंग टाकल्यावर किती वेळानं डोळा लागतो?"

मी एकेका प्रश्नाचं उत्तर देत होतो. तेवढ्यात आतून काकूंचा आवाज आला, "अवो, भाडेकरू हाय त्यो, खोंड न्हाय!"

खोली मिळाली. जात, गाव, आडनाव यातलं त्या दिवशी त्यांनी काही विचारलं नाही, आणि पुढच्या सहा वर्षांतही नाही. त्यांना माणसाची हीच माहिती पुरायची, चाल कशी आणि भूक कशी.

अंगात खाकी सदरा. एका खिशात थर्मामीटर, दुसऱ्यात पेन. उजव्या हाताची बाही कायम कोपराच्या वर दुमडलेली. का, ते ज्यांनी त्यांना गाभण गाय तपासताना बघितलंय त्यांना सांगायला नको. निवृत्त झाल्यावर जनावरं थांबली, पण त्यांचा तपास थांबला नाही. मग पाण्याची मोटर, काकूंचा मिक्सर, शेजाऱ्याची मोटारसायकल आणि मी, असं जे जे कोणी कुरकुर करेल ते त्यांच्या तावडीत सापडायचं. यंत्रातलं त्यांना काही कळत नव्हतं, आणि हे ते लपवतही नव्हते. म्हणायचे, "म्हशीतलं तरी कुठं समदं कळत व्हतं? पण मुक्या जिवाला विचारता येत न्हाय, तर धन्याला विचारायचं. धनी खरं बोलला की निम्मा इलाज झाला."

एकदा मिक्सर बंद पडला. वायरमन येऊन बघून गेला होता आणि मिक्सर बरोबर न्यायला निघाला होता. काकांनी त्याला थांबवलं आणि काकूंना समोर बसवून जबानी घेतली. काल काय वाटलं? शेंगदाण्याची चटणी. परवा? परवा उपास होता. आवाज कसा यायचा, खोकल्यासारखा की रडल्यासारखा? काकू म्हणाल्या, "माज्या बाळंतपणात बी ह्यांनी आधी ताप मोजला आन् मंग मला कण्हू दिलं." काकांनी तिकडं लक्ष दिलं नाही. मिक्सर उचलून माझ्या खोलीत आणला, माझ्या बोर्डाला जोडला आणि बटण दाबलं. मिक्सर गरगर फिरला. याला ते 'खुंटा बदलणं' म्हणत. जनावर उठत नसेल तर आधी दुसऱ्या खुंट्याला बांधून बघावं, कधी कधी जनावर ठणठणीत असतं आणि जागाच वाईट असते. मग त्यांनी आपल्या वहीत 'कारण' म्हणून लिहिलं, 'मिक्सर बरा. खुंटा आजारी.'

ही वही लांबलचक, जुन्या सरकारी नमुन्यासारखी हातानं रकाने आखलेली. जनावर, धनी, लक्षण, कारण, उपाय, शेरा. शेऱ्यात ते कधीच एका शब्दाच्या वर जात नसत. बरं. विकलं. गेलं. बस.

मला एकदा ताप आला तेव्हा त्यांनी मला एक गोळी दिली आणि समोर खुर्ची टाकून बसले. मी मध्येच काकूंनी दिलेला गवती चहा-आल्याचा काढा प्यालो, तर केवढे संतापले! "एका वेळी एकच औषध! आता तुमी बरं झालात तर शाबासकी कुणाला देऊ? गोळीला का काढ्याला?" मी बरा झालो. वहीत शेरा पडला, 'बरे. कशानं ते माहीत नाही.' माझ्यासाठी त्यांनी एका शब्दाचा नियम मोडला होता, पण रागानं.

आता माझ्या लॅपटॉपकडं येतो. त्याच्याआधी घरची गोष्ट सांगायला हवी.

मी ईटला आणि बायको लोहारा तालुक्यातल्या माकणीच्या शाळेत. जिल्हा एकच, पण आम्ही त्याची दोन टोकं धरून बसलेलो. शनिवारी शाळा सुटली की मी एसटीत बसायचो, दोन गाड्या बदलायचो, कधी तीन. सोमवारी पहाटे परत. मुलगी चार वर्षांची. शनिवारी मी दारात पोचलो की ती आईच्या मागं लपायची आणि चहा होईपर्यंत बाहेर यायची नाही. रविवारी दिवसभर गळ्यात, आणि पुढच्या शनिवारी पुन्हा आईच्या मागं. हे मी एकदा काकांना सांगितलं. ते म्हणाले, "वासरू सकाळी चरायला गेलेल्या गाईला बी संध्याकाळी आदी हुंगतं, गुरुजी. तुमी तर आठ दिसांनी जाता." मग चष्मा पुसत म्हणाले, "पर ह्यावर इलाज एकच हाय, आन् त्यो माज्याकडं न्हाय."

इलाज म्हणजे बदली. त्या वर्षी बदलीचे अर्ज ऑनलाइन निघाले. तीस शाळांची यादी आपल्या पसंतीच्या क्रमानं लावायची होती. शाळेचं नाव धरून ओढायचं आणि वर न्यायचं. मोबाइलवर नाव धरलं की सगळं पानच सरकायचं, म्हणून लॅपटॉप हवा. आणि लॅपटॉपला माऊस हवाच, कारण त्याच्या टचपॅडवर एका रविवारी आमच्या कन्येनं पातळ वरण सांडलं होतं. मी तिच्यावर रागावलो नव्हतो. आठवड्यातून दीड दिवसाचा बाप, तो काय रागावणार!

मुदत होती दसऱ्याच्या संध्याकाळी पाचपर्यंत. मी आणि बायको आठवडाभर फोनवर तीस गावांचा क्रम लावत होतो. हे गाव पाच किलोमीटर, ते सात, पण तिथं गाडी नाही. खंडेनवमीच्या सकाळी यादी कागदावर पक्की झाली. बेत असा, की सकाळी अर्ज भरायचा आणि दुपारची गाडी धरून सणाला माकणी गाठायची. तिकडे आमच्या घरात खिडकीत उभं राहिल्याशिवाय नेट येत नव्हतं, म्हणून अर्ज ईटलाच उरकायचा होता.

मी लॅपटॉप उघडणार तोच काका दारात. "गुरुजी, अवजार आणा तुमचं."

आत पाटावर मांडामांड झाली होती. थर्मामीटर, जुनी पितळी पिचकारी, कात्री, खच्चीकरणाचा भलामोठा चिमटा, काकूंची विळी, मिक्सरचं भांडं, मोटरचा पाना. मी लॅपटॉप आणि माऊस आणून ठेवले आणि म्हणालो, "काका, पूजा झाली की लगेच द्या. अर्ज भरायचाय."

त्यांनी माझ्याकडं असं बघितलं, जणू मी काहीतरी अभद्र बोललो होतो. "आज? पुजलेल्या अवजाराला आजच कामाला लावता? पोळ्याला बैल जुपता का तुमी?"

"उद्या शेवटचा दिवस आहे."

"मग उद्या अख्खा दिस हाय की."

मी भांडायला हवं होतं. पण खरं सांगतो, मलाही भीती वाटली. इतक्या वर्षांनी बदलीची वाट दिसत होती, उगाच कशाला कुठल्या देवाला दुखवा! मी बायकोला फोन करून सांगितलं, की दसऱ्याला नाही जमत, दुसऱ्या दिवशी येतो. मागून मुलीचा आवाज आला, "बाबा पानं घेऊन येणार ना?" मी फोन ठेवला आणि आंघोळीला गेलो. तिकडं काका प्रत्येक अवजाराला गंध, हळद, ओलं कुंकू आणि अक्षत लावत होते. माणूस कामाला चोख. एकही अवयव सोडायचा नाही.

दसऱ्याला सकाळी दहा वाजता मी लॅपटॉप सुरू केला आणि माऊस जोडला. पोटाखालचा लाल दिवा लागला. बाण मात्र जागचा हलेना. कोपऱ्यात पाटी आली, की जोडलेलं उपकरण ओळखता आलं नाही.

काढून घातला. तेच. लॅपटॉप बंद करून चालू केला. तेच. एका शिक्षकमित्राला फोन केला, त्यानं सांगितलेलं सगळं कळफलकावरून चाचपडत केलं, त्यात माऊसचं होतं नव्हतं ते सॉफ्टवेअर काढून पुन्हा टाकलं. तेच. गावातलं कॉम्प्युटरचं दुकान सणामुळं बंद. शाळेच्या खोलीची किल्ली मुख्याध्यापकांकडं आणि मुख्याध्यापक त्यांच्या गावी. उन्हातून हिंडून परत आलो तेव्हा दोन वाजून गेले होते. काकांना मी काही सांगितलं नव्हतं. त्यांच्यावरच तर राग होता.

सांगितलं काकूंनी. काका हातात वही घेऊनच आले.

"कवापासून?"

"सकाळपासून."

"परवा ठीक व्हता?"

"होता."

"काल काय काम केलं त्यानं?"

"काल काम करू दिलंत का तुम्ही?" मी म्हणालो.

त्यांनी ते ऐकलं आणि लिहून घेतलं, 'काल विश्रांती.' मग म्हणाले, "खुंटा बदला." मी माऊस लॅपटॉपच्या दुसऱ्या बाजूला लावला. दिवा लागला, पाटी आली. "आता त्याच खुंट्याला दुसरं जनावर बांधा." शाळेचा पेन ड्राइव्ह होता, तो लावला. तो झटकन उघडला. "म्हंजे खुंटा चांगला. आता ह्याला दुसऱ्या गोठ्यात न्या." त्यांचा टीव्ही नवा होता, पाठीमागं तसंच छिद्र होतं. तिथं माऊस लावला. तिथंही दिवा लागला आणि पुढं काही नाही. प्रत्येक वेळी ते थांबायचे, लिहायचे, पुन्हा वाचायचे. अडीच वाजले, तीन वाजले. मी एकदम दोन गोष्टी करायला गेलो की माझा हात धरायचे.

शेवटी माझा तोल गेला. "काका, ही म्हैस नाही! पाच वाजता अर्जाची खिडकी बंद होईल आणि मी इथंच राहीन!"

ते शांतपणे म्हणाले, "म्हैस असती तर आतापतूर उठली असती. गुरुजी, रोग माऊसातच हाय, एवढं तरी ठरलं. सकाळपासून तुमाला एवढं बी ठरलं नव्हतं."

हे खरं होतं, म्हणून आणखी लागलं.

मग त्यांनी वायर हातात घेतली आणि घोड्याच्या पायावरून हात फिरवावा तशी शेपटाकडून एकेक बोट दाबत आले. कुठं तुटलेली नव्हती. टोकाला आले आणि थांबले. "आगं बया," ते स्वतःशीच म्हणाले, "तोंड बघायचं ऱ्हायलं की!" जनावर दारात आलं की पहिलं तोंड उघडायचं, हा धडा त्यांनी अख्ख्या तालुक्याला शिकवलेला. त्यांनी बॅटरी मागितली, भिंग मागितलं आणि माऊसचं ते चपटं पत्र्याचं टोक डोळ्याशी नेलं.

मग टोक उलटं करून पुन्हा बघितलं. मी विचारलं, "काय आहे?"

त्या वेळी ते 'मळ हाय' म्हणू शकले असते. मी विश्वास ठेवला असता. माऊस सुधारला नाही तर मी ईटलाच राहणार, संध्याकाळी ओट्यावर त्यांच्याशी बोलायला कुणीतरी असणार, हेही त्यांना कळत होतं. मुलगा पुण्यात, तो दिवाळीला यायचा. हे सगळं मला पुढं सुचलं. तेव्हा मी फक्त घड्याळ बघत होतो.

त्यांनी बारीक चिमट्यानं आतून काहीतरी ओढलं आणि तळहातावर घेऊन माझ्यापुढं धरलं. कुंकवानं माखलेली तांदळाची अर्धी कणी.

"अक्षत माजी हाय, गुरुजी," ते म्हणाले. "कुंकू बी माजंच. आत वाळून बसलंय. चूक माजी."

काकू दारातून म्हणाल्या, "म्या म्हनाले व्हते का न्हाय, त्येच्या तोंडात कुंकू घालू नगा म्हनून?"

"म्हनालीस," काका म्हणाले. "आन् म्या ऐकलं न्हाय. ते बी लिवतो."

मला रागवायचं होतं. सकाळपासून साठवलेला राग होता. पण खाकी सदऱ्यातला तो म्हातारा माणूस हात पुढं करून उभा होता, पोरानं चोरलेला पेरू दाखवावा तसा, आणि मला हसू आलं. मग काकूंना आलं. काका हसले नाहीत. त्यांनी स्पिरिटची बाटली आणली, काडीला कापूस गुंडाळला आणि त्या टोकाच्या आतलं लाल टिपून काढू लागले. एक काडी लाल झाली, दुसरी गुलाबी, तिसरी पांढरी राहिली. चौथी त्यांनी खात्रीसाठी फिरवली. मी माऊस ओढून घ्यायला गेलो तर पुन्हा हात धरला. "दम धरा. स्पिरिट उडू द्या." चार वाजून पाच मिनिटं झाली होती. जगात कुणीही मला इतकी लांब दहा मिनिटं दाखवलेली नाहीत.

मग मी तो जोडला. बारीकसा आवाज झाला. मी माऊस हलवला आणि पडद्यावर बाण हलला.

मी शाळा ओढू लागलो. पासवर्ड टाकताना काका मुद्दाम भिंतीकडं तोंड करून बसले. तिसावी शाळा जागेवर बसवून मी अर्ज पाठवला तेव्हा पाचला पंचवीस मिनिटं होती.

"पैलं काय टाकलं?"

"माकणीच्या शेजारचं गाव. तीन किलोमीटर."

"आन् ईट?"

"ईट कशाला टाकू? इथं तर आहेच मी."

"व्हय, ते बी खरंच," ते म्हणाले आणि काड्या गोळा करायला लागले.

संध्याकाळी त्यांनी मला आपट्याची पानं दिली आणि वर आणखी एक फांदी दिली, "लेकराला." सकाळी ती घेऊन मी माकणीला गेलो. सोनं एक दिवस उशिरा पोचलं, पण घेणाऱ्याला त्याचं काही नव्हतं.

पुढच्या उन्हाळ्यात यादी लागली. पहिलीच शाळा मिळाली. मी बातमी सांगितली तेव्हा काकूंनी डोळ्याला पदर लावला. काकांनी विचारलं, "तिथं पाणी कसं हाय?"

निघायच्या दिवशी टेंपो दारात उभा होता. सामान भरून झालं तेव्हा काकांनी खिशातून दोन वस्तू काढल्या. इंजेक्शनच्या बाटलीची रबरी टोपणं, आतून कोरून माप घेतलेली. एक माऊसच्या टोकावर चपखल बसलं, दुसरं लॅपटॉपच्या छिद्रात. "खळ्यावर बैल कणसात तोंड घालतो म्हून मुसकं बांधतात. हे पूजेच्या दिशी बांधायचं. माजा भरवसा न्हाय, तुमचा बी न्हाय."

मग वही आणली. "धन्याची सही ऱ्हायलीया."

मी पान बघितलं. दसऱ्याची तारीख. जनावर, माऊस, काळा, वायरीचा. धनी, गुरुजी. लक्षण, दिवा लागतो पण ओळख पटत नाही. कारण, पर्यवेक्षकाच्या हातून तोंडात कुंकू व अक्षत, घरच्यांनी सांगूनही ऐकले नाही. उपाय, चिमटा, स्पिरिट, दहा मिनिटं दम. आणि शेवटी शेरा. 'बरा. खोली रिकामी होणार. लेकरासाठी चांगलं झालं.'

हे त्यांनी दसऱ्याच्याच दिवशी लिहिलं होतं. यादी लागायला तेव्हा सहा-सात महिने होते. मला काय होणार ते माहीत नव्हतं, आणि त्यांनी शेरा मारून वही मिटली होती. मग रोज संध्याकाळी माझ्याशी ओट्यावर बसून गप्पा मारल्या होत्या, त्याबद्दल एक शब्द न बोलता.

मी त्यांच्याच पेनानं सही केली. टेंपोवाल्यानं हॉर्न वाजवला. काकांनी वही उघडीच धरली होती.

"शाई वाळू द्या," ते म्हणाले. "तवर बसा जरा."

सही बॉलपेनची होती. मी टेंपोवाल्याला थांब म्हणालो आणि त्यांच्याशेजारी ओट्यावर बसलो.